गुणांची बेरीज आणि कथाप्रकार

कथास्पर्धेत वेगवेगळ्या प्रकारच्या कथांना एकत्र गुण कसे द्यावेत, या चर्चेत आलेली 'प्रत्येक कथाप्रकारासाठी निकषांचा वेगळा तक्ता करा' ही सूचना मला अर्धीच पटली. भयकथेला भीतीचे गुण आणि विनोदी कथेला हशाचे गुण दिले, तरी शेवटी त्या दोन आकड्यांची तुलना करायची कशी, हा प्रश्न तसाच उरतो. कथेने सुरुवातीला वाचकाला जे कबूल केलं ते तिने पाळलं का, हा एकच निकष मला सगळ्या प्रकारांना लागू पडणारा वाटतो.

पण खरा अन्याय बऱ्याचदा बेरजेत होतो, आणि त्याबद्दल इथे कुणीच बोललेलं नाही. एक परीक्षक सगळ्या कथांना ६ ते ८ च्या दरम्यान गुण देतो, दुसरा २ पासून १० पर्यंत. दुसऱ्याला विज्ञानकथा आवडत नसतील तर त्याचे २ गुण ती कथा थेट तळाला नेतात; पहिल्याला ती कितीही आवडली तरी त्याच्या ८ ने ती वर येत नाही. म्हणजे निकाल एकट्या दुसऱ्याच्या आवडीनिवडीवर ठरतो! म्हणून अंतिम फेरीत गुणांऐवजी क्रम मागवावेत आणि क्रमांची बेरीज करावी. ही युक्ती जुनीच आहे, बोर्दा या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकात निवडणुकांसाठी सुचवलेली. शिवाय प्रत्येक परीक्षकाला कथा वेगळ्या क्रमाने वाचायला द्याव्यात. सलग चार गंभीर कथांनंतर आलेली हलकीफुलकी कथा उगीचच भाव खाऊन जाते.