कस्टम पार्टवाली जुनी क्रूझर घेतलीत? अनुभव लिहा

दसऱ्याला नव्या गाड्यांचे, हारांचे फोटो भरपूर येतात. मला बोलायचंय ते दुसऱ्याच्या हौसेवर बसून फिरणाऱ्यांशी. कुणीतरी पैसे ओतून नटवलेली थंडरबर्ड, अ‍ॅव्हेंजर, हार्ले सेकंडहँड घेतली असेल, तर काय पाहिलंत, काय ठेवलंत, काय काढून टाकलंत?

सुरुवात मीच करतो. थंडरबर्ड ३५० ट्विनस्पार्क, उंच एप हँगर हँडल. मालक सायलेन्सरचा आवाज ऐकवण्यात दंग. माझ्या मेकॅनिकने मात्र गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. एका बाजूला पूर्ण वळवलं की इंजिन आपोआप रेस होत होतं. हँडल उंच केलं, अ‍ॅक्सिलरेटरची केबल जुनीच, आखूड! यू टर्न मारताना काय झालं असतं, विचार करा. भाव तिथेच उतरला. लांब केबली टाकल्या, हँडल ठेवलं. खरं तर हँडलसाठीच घेतली.

कोल्हापूरकर
अ‍ॅव्हेंजर २२०. मागचा टायर कंपनीचा १३०/९०-१५, आधीच्या गड्यानं १५० चा कोंबलेला. दिसायला नाद खुळा! पण स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) आतल्या अंगाला रंग उडून लोखंड चकाकत होतं, बोट फिरवलं तर काळी भुकटी. मी परत कंपनीच्या मापाचा टाकला. बोल्टनं लावलेलं काहीही चालतंय बघा. ग्राइंडर लागलेली चेसी फुकट दिली तरी नको.

ठाणेकर
कागदांवर कुणीच बोलत नाही? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या (नोंदणी पुस्तकातल्या) तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मी पाहिलेली गाडी आरसीवर काळी, प्रत्यक्षात मिलिटरी हिरवी. पंधरा वर्षांची मुदतही संपत आलेली, म्हणजे री-पासिंगला आरटीओसमोर उभी करणं आलंच. मूळ सायलेन्सर, आरसे, इंडिकेटर मालकाच्या माळ्यावरून खाली आल्यावरच टोकन दिलं. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज फेडल्याचा फॉर्म ३५. चेसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, तर शेवटचे आकडे जाड रंगाखाली बुजलेले. रंग खरवडायला लावला. मालकाचं तोंड बघण्यासारखं होतं, पण नंबर जुळला.

पुण्याहून आणखी एक
फटाके वाजवणारा सायलेन्सर असेल तर भावात धरूच नका. आमच्याकडे पोलीस ते रोलरखाली घालतात.

लेस्टरवासी
इथे इंग्लंडात हार्लेची स्पोर्टस्टर ८८३ घेतली. गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा (गाडीच्या वार्षिक तपासणीचा) इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो, त्या त्या वेळच्या मायलेजसकट. मीटरशी खेळलेलं लपत नाही. मात्र पाइपपासून हँडलपर्यंत प्रत्येक बदल विमा कंपनीला कळवायचा, नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर करू शकतात.

नाशिककर
सगळे हँडलवर बोलताय, मागे कोण बसतं? आमचे हे बॉबर केलेली थंडरबर्ड घेऊन आले. सोलो सीट, मागे उघडा मडगार्ड. सासूबाईंचा पहिला प्रश्न, "सूनबाई कुठे बसणार?" मूळ सीट आणि पाठ टेकायचा बॅकरेस्ट जुन्या बाजारात मिळाला. पण मागच्या फूटरेस्टचे ब्रॅकेटच कापलेले. कोल्हापूरकर, तुमचा तो ग्राइंडर! नवे वेल्ड करून घेतले, आणि तो खर्च यांच्या खिशातून.

धागाकर्ता
ताई, ती सोलो सीट विकायची आहे का? ट्विनस्पार्कला बसत असेल तर फोटो टाका.

नाशिककर
बसते. आधी घरी विचारा.