सोयाच्या गोळीवरचे ५० मिलिग्रॅम नेमके कशाचे?

प्रश्न
पाळी गेल्यानंतरच्या गरम झळांसाठी सोया आयसोफ्लेव्होन (सोयाबीनमधले, इस्ट्रोजेनशी साधर्म्य असलेले घटक) रोज किती आणि किती दिवस घ्यायचे? एका डबीवर नुसतं '५० मिग्रॅ आयसोफ्लेव्होन' असतं, दुसरीवर '५० मिग्रॅ अ‍ॅग्लायकोन'. दोन्ही सारखंच का? हाडांनाही उपयोग होतो का?

उत्तर १
सारखं नाही, आणि घोळ इथेच होतो. सोयाबीनमध्ये जेनिस्टीन, डेडझीन हे आयसोफ्लेव्होन बहुतेक साखरेला जोडलेले असतात, ते ग्लायकोसाइड. आतड्यात साखर सुटली की राहतं ते अ‍ॅग्लायकोन, आणि शोषलं जातं मुख्यतः तेच. साखरेसकट जेनिस्टीनचा रेणुभार ४३२, साखरेविना २७०. म्हणून ग्लायकोसाइडच्या आकड्याला १.६ ने भागा. ५० चे जेमतेम ३१ उरतात. डबीवर खुलासा नसेल तर ग्लायकोसाइड धरूनच हिशेब करा.

२०१२ मध्ये झळांवरच्या चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण झालं. मध्यक मात्रा ५४ मिग्रॅ अ‍ॅग्लायकोन. नकली गोळीच्या तुलनेत झळा सुमारे २१ टक्क्यांनी कमी. जेनिस्टीन १८.८ मिग्रॅहून जास्त असलेल्या गोळ्या दुपटीहून प्रभावी ठरल्या, तेव्हा जेनिस्टीनचा आकडा वेगळा दिलेली डबीच घ्या. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून सोडणं ही नेहमीची चूक. निदान १२ आठवडे द्या, आणि सुरू करण्याआधीचा एक आठवडा रोजच्या झळा मोजून लिहून ठेवा, नाहीतर फरक कळणार कशावरून?

उत्तर २
एवढं करूनही काहींना काहीच फरक पडत नाही. एक कारण आतड्यातले जीवाणू असू शकतं. डेडझीनपासून इक्वॉल (जास्त प्रभावी मानला जाणारा पदार्थ) तयार करणारे जीवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात, आणि प्रतिजैविकांच्या कोर्सनंतर असलेलेही घटतात. अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटी या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ मध्ये झळांसाठी सोया आणि इक्वॉल दोन्हींची शिफारस केलेली नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रश्नकर्ती
मग जेवणातूनच भागवलं तर?

उत्तर २
उत्तम. २५० मिली सोया दुधात किंवा १०० ग्रॅम टोफूत साधारण २५ मिग्रॅ आयसोफ्लेव्होन मिळतं. सोयाबीन तेलात आणि सोया सॉसमध्ये जवळजवळ काही नाही. अल्कोहोलने धुतलेल्या सोया प्रथिनातून आयसोफ्लेव्होन बरेचसे निघून गेलेले असतात.

उत्तर ३
हाडांसाठी यावर विसंबू नका. रोज २०० मिग्रॅ आयसोफ्लेव्होन देऊन दोन वर्षं चाललेल्या चाचणीत हाडांची झीज थांबली नाही (२०११).

थायरॉइडची गोळी आणि सोया यांत चार तासांचं अंतर ठेवा, सोयामुळे तिचं शोषण घटतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा टॅमॉक्सिफेन (त्याच कर्करोगावरचं औषध) चालू असेल तर ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय गोळी नकोच. मात्रा मनाने वाढवू नका: १५० मिग्रॅ रोज पाच वर्षं घेतलेल्या गटात काही बायकांच्या गर्भाशयाचं अस्तर जाड झालेलं आढळलं होतं. पाळी गेल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी 'सोयामुळे असेल' म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन सोनोग्राफी करून घ्या.