मासिकाच्या कव्हरवरून पॉप स्टारची इमेज ठरते का? (मदत हवी)

टपरीवरचा_चहा:
नमस्कार मंडळी, मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टला विषय घेतलाय म्युझिक मासिकांची कव्हरं आणि पॉप स्टारची इमेज. आमच्या सरांचं म्हणणं असं की इमेज रेकॉर्ड कंपनी ठरवते, मासिकवाले काय, आलेला फोटो छापतात. मला हे पटत नाहीये पण नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळत नाही. एकच स्टार घ्यायचाय, मायकेल जॅक्सन घेऊ का? जाणकारांनी जरा प्रकाश टाका, आणि प्लीज गूगल कर म्हणू नका, ते करून झालंय.

कॅसेट_जमाना:
घे की, मटेरियल ढिगाने मिळेल. सुरुवात १९७१ पासून कर. एप्रिल ७१ च्या रोलिंग स्टोन मासिकाच्या कव्हरवर छोटा मायकेल एकटाच आहे, जॅक्सन फाइव्ह या त्यांच्या ग्रुपमधले बाकी चार भाऊ गायब, आणि हेडलाइन काय, तर हा अकरा वर्षांचा मुलगा झोपायची वेळ टळून गेली तरी जागा का? आता गंमत बघ, त्याचा जन्म ऑगस्ट १९५८ चा, म्हणजे तेव्हा त्याला बारा पूर्ण झालेली. मोटाउन या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने पहिल्यापासूनच पोराचं वय कमी करून सांगितलेलं, जेवढं पोर लहान तेवढं कौतुक जास्त, हा साधा हिशोब. म्हणजे थाप कंपनीची, तिथे तुझे सर बरोबर आहेत, पण पाच जणांतून एकाला उचलून वेगळं काढायचं आणि ती थाप ठळक अक्षरात लावायची हे संपादकाच्या टेबलावर ठरलं ना.

बांद्रा_स्लो:
आणि जे कव्हर छापलंच नाही ते पण मोज रे. १९७९ ला मायकेलचा ऑफ द वॉल अल्बम आला, तुफान चालला, तेव्हा त्याच्या पब्लिसिस्टने रोलिंग स्टोनकडे कव्हर मागितलं आणि त्यांनी नाही म्हणून सांगितलं. काळ्या माणसाचा चेहरा कव्हरवर असला की अंक खपत नाहीत असं आपल्याला परत परत ऐकवलं जातं, असं तो म्हणायचा, चरित्रांमध्ये येतं हे. मग नोव्हेंबर ८२ ला थ्रिलर आला आणि फेब्रुवारी ८३ ला कव्हर मिळालं. लक्षात घे, मूनवॉक लोकांनी टीव्हीवर पाहिला त्या मे महिन्यात, म्हणजे अजून तो 'तो' मायकेल व्हायचा होता.
आता त्या अंकातला आतला लेख मिळाला तर नक्की वाच, गेरी हर्शीने लिहिलाय. घरात पाळलेला बोआ साप, माणसाच्या आकाराचे पुतळे, लाजरा हळू आवाजात बोलणारा मुलगा जो स्टेजवर गेला की वेगळाच होतो, हे सगळं त्यात आहे आणि प्रेमाने लिहिलेलं आहे. पुढे ८७ मध्ये पीपल मासिकाने कव्हरवरच विचारलं, हा माणूस विचित्र आहे की काय! सामान तेच, फक्त सूर बदलला. माझ्या मते तुझा प्रोजेक्ट इथेच आहे, कारण गाणं तर कुणी बदललेलं नव्हतं.

नाना_ठाणेकर:
कव्हरला फार श्रेय देताय बुवा तुम्ही. आमच्या शाळेत मायकेल काचेच्या ऑक्सिजन पेटीत झोपतो हे पोराटोरांना पाठ होतं, आणि तो फोटो पहिल्यांदा छापला अमेरिकेतल्या नॅशनल एन्क्वायररने, ८६ साली. तो पेपर ठाण्यात बघितलाय कुणी? ही बातमी फिरत फिरत आली, कव्हर न बघताच. आणि ती पेटी होती भाजलेल्या पेशंटसाठी, ८४ ला पेप्सीच्या जाहिरातीच्या शूटिंगमध्ये याचं डोकं भाजलं तेव्हापासूनचा तो संबंध. पोज देऊन आत झोपला तो स्वतः, आणि फोटो पेपरापर्यंत त्याच्याच माणसांनी पोचवला असं चरित्रकार लिहितात. ९३ ला ओप्राच्या कार्यक्रमात त्याने सांगितलं की मी त्यात झोपत बिपत नाही, पण ते कोण लक्षात ठेवतो.

बांद्रा_स्लो:
नाना, पण हे तर माझ्याच बाजूचं झालं की :) कव्हरला काय हवं ते ओळखून त्याने पुरवलं आणि मग ते अंगावर आलं.

डिस्टॉर्शन_पेडल:
विषयांतर करतोय पण राहवत नाही. एप्रिल ९२ च्या रोलिंग स्टोनवर निर्व्हाना हा रॉक बँड आहे आणि त्यांचा गायक कर्ट कोबेनच्या टीशर्टवर हाताने लिहिलंय की कॉर्पोरेट मासिकं अजून भिकारच आहेत. मासिकाने ते झाकलं नाही, कापलं नाही, तसंच छापलं आणि तेच कव्हर लोकांना आठवतं. कव्हर नको म्हणणाऱ्याची पण इमेज कव्हरनेच करून दिली, आता बोला. सरांना हे दाखव.

टपरीवरचा_चहा:
सगळ्यांना खूप धन्यवाद, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. ७१, ८३ आणि ८७ अशी तीन कव्हरं शेजारी शेजारी लावतो आणि मधे ७९ ची चौकट रिकामी ठेवतो, सर विचारतील ही रिकामी का, मग तिथूनच बोलायला सुरुवात करेन. नाना, ऑक्सिजनवालं वेगळं प्रकरण करू की पीपलच्या आधी घालू?

नाना_ठाणेकर:
पीपलच्या आधी घाल. ८६ नंतर ८७.