मदत हवी आहे : गच्चीवर सुतासारखा सरळ वागणारा अँटेना खाडीकाठी रुसतो

मंडळी, इथे कुणी हॅम रेडिओवाले (छंद म्हणून लायसन्स घेऊन वायरलेसवर बोलणारे) असतील तर जरा बघा. गेल्या वर्षी परीक्षा देऊन व्हीयू३, म्हणजे सुरुवातीच्या पायरीचं लायसन्स मिळालं. कोपरखैरण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात एलईडी, इन्व्हर्टर आणि आजूबाजूच्या पंचवीस घरांचे चार्जर, त्यामुळे वीस मीटर बँडवर (१४ मेगाहर्ट्झचा पट्टा) गोंगाटाने सिग्नल मीटरची सुई एस-७च्या खाली उतरतच नाही. गच्चीवर कायमचं काही लावू म्हटलं तर सेक्रेटरी म्हणतात, टॉवर नको, रेडिएशन होतं. पाच वॅटचं यंत्र आहे हे त्यांना तीनदा सांगून झालं. शेवटी पाठीवर टाकून नेता येईल असा व्हर्टिकल, म्हणजे उभ्या दांड्याचा अँटेना जमवला.

सामान असं: ५.६ मीटरचा स्टीलचा टेलिस्कोपिक दांडा (वीस मीटरसाठी पाच मीटरच्या आसपासच उघडतो), कॅमेऱ्याचा जुना ट्रायपॉड, घरच्या वायरिंगच्या उरलेल्या तारेचे पाच-पाच मीटरचे चार रेडियल (दांड्याच्या बुडापासून पसरायच्या तारा), दहा मीटर आरजी-५८ केबल आणि एक नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र).

गच्चीवर टाकीच्या पाइपांना दोऱ्या बांधून चारही रेडियल कमरेएवढे उंच ताणले. दांडा ५.०२ मीटर. एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळलाय त्याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळला) १४.१८ मेगाहर्ट्झला १.३. पहिल्याच फटक्यात! आनंदाच्या भरात दांड्यावर मार्करने खूण करून टाकली.

रविवारी सकाळी सगळं घेऊन वाशीच्या सागर विहारला गेलो. तीच खूण, तेच रेडियल. लोक चालत असतात म्हणून दोनच रेडियल पसरले, तेही सरळ फरशीवर. आता एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी येतो तो १३.५५ला, आणि तोही २.२. फ्रिक्वेन्सी खाली गेली म्हणजे दांडा लांब पडतोय, एवढं मला कळतं. वीस सेंटीमीटर आत ढकलला. हिशेबाने १४.१च्या वर यायला हवा होता, आला फक्त १३.७ला. आणि खरी गंमत पुढे आहे. केबल हातात धरली की आकडा हलतो. केबलचं वेटोळं करून ठेवलं की वेगळा, सरळ पसरली की वेगळा. तासाभराने नाद सोडला. तेवढ्यात एक आजोबा शेजारी येऊन उभे राहिले, दांड्याकडे वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "एवढ्या लांब गळाला काय लागतं इथे? बोईट?"

तर प्रश्न असे. एक, दांडा कमी करूनही फ्रिक्वेन्सी का हलत नाही? दोन, ट्यूनर (न जुळणारा अँटेना रेडिओशी जुळवून देणारी पेटी) घ्यावा का? तीन, कोल्हापूरला मामा आहेत, जुने व्हीयू२, म्हणजे वरच्या पायरीचे लायसन्सवाले. त्यांच्याशी या अँटेनावर कधीच गाठ पडत नाही, तो दोष वेगळा की हाच?

प्रतिसाद

ट्यूनर घेऊ नकोस. पैसे जातील आणि दुखणं झाकलं जाईल. तुझ्या अँटेनाचा अर्धा भाग तुझी केबल झाली आहे. पाव तरंगलांबीच्या दांड्याला खाली परतीचा रस्ता लागतो, तो रेडियलनी द्यायचा असतो. गच्चीवर चार होते, उंच होते, त्यांनी काम केलं. फरशीवर दोनच टाकलेस, मग करंट केबलच्या जाळीच्या बाहेरच्या बाजूने धावत सुटला. म्हणून हात लावला की आकडा हलतो, आणि म्हणूनच दांडा कमी करून फरक पडत नाही. नीट बसवलेल्या व्हर्टिकलमध्ये वीस मीटरवर एक सेंटीमीटर म्हणजे साधारण २८ किलोहर्ट्झ. तुझे वीस सेंटीमीटर म्हणजे साडेपाचशे व्हायला हवे होते, झाले दीडशे. बाकीचं कोण खातंय ते समजून घे.

उपाय: दांड्याच्या बुडाशी चोक, म्हणजे केबलच्या बाहेरून धावणारा करंट अडवणारं वेटोळं. एफटी२४०-४३ ची फेराइट रिंग आण, आरजी-५८ चे दहा-बारा वेढे घे. लॅमिंग्टन रोडला विचारशील तर दुकानदार आधी पॉवर सप्लायची पिवळी रिंग हातात देतील, ती घेऊ नकोस, ती लोखंडाच्या भुकटीची असते. चोक रेडिओकडे नाही, अँटेनाच्या बुडाशीच.

प्रतिसाद

वरच्या काकांना अनुमोदन, फक्त एक शंका. नॅनोव्हीएनए कॅलिब्रेट कुठल्या रेंजला केलंस? पेटीतून काढल्यावर ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झला करून ठेवलं असशील तर साध्या मॉडेलचे १०१ बिंदू त्यात वाटले जातात, म्हणजे नऊ-नऊ मेगाहर्ट्झवर एकेक. मग १३ ते १५ला झूम केलंस तरी मधलं सगळं अंदाजपंचे. आधी स्पॅन १३ ते १५ ठेव, मग केबलच्या टोकाला ओपन, शॉर्ट, लोड (कॅलिब्रेशनचे तीन जोड) लावून कॅलिब्रेट कर.

मी ठाण्यात राहतो, मलाही हे उमजायला दोन पावसाळे गेले :)

प्रतिसाद (धागाकर्ता)

पकडलंत. पूर्ण रेंजलाच केलं होतं, तेही यंत्राच्या तोंडाशी. म्हणजे गच्चीवरचा १.३ सुद्धा खोटा?

प्रतिसाद

खोटा नसेल, पण त्यावर जीव टाकू नकोस. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायचा नुसता रोध) एसडब्ल्यूआर एक असतो, त्यातून काय बाहेर जातं? आदर्श जमिनीवर पाव तरंगाच्या दांड्याचा रोध ३६ ओहमच्या आसपास, म्हणजे एसडब्ल्यूआर १.४. जमिनीवर दोन तारा टाकून बरोबर ५० दिसले तर वरचे १४ ओहम माती तापवतायत. अशा वेळी रेडियल वाढवल्यावर एसडब्ल्यूआर थोडा बिघडला तर घाबरायचं नाही, अँटेना सुधारतोय.

जमिनीवर टाकायचे रेडियल मोजून-मापून कापायची गरज नसते, कारण जमीन त्यांचा सूर बिघडवतेच. उंच बांधलेत तर मात्र लांबी नेमकी हवी. तुझ्याकडे वीस मीटर तार आहे. चारच्या जागी अडीच मीटरचे आठ कर. दोन लांब तारांपेक्षा आठ आखूड बऱ्या, आणि अडीच मीटरवर लोकांचे पायही कमी अडकतात. टोकांना रंगीत फीत बांध. ट्रान्समिट करताना रेडियलच्या टोकाला कुणाचा हात लागू देऊ नकोस, व्होल्टेज तिथेच सगळ्यात जास्त.

कोल्हापूरचं दुखणं वेगळं. व्हर्टिकल आपली ताकद क्षितिजाकडे फेकतो, खाडीच्या खाऱ्या पाण्यामुळे तर अजूनच. परदेशासाठी ते सोनं आहे. पण कोल्हापूर सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास, वीस मीटरचा सिग्नल त्याच्या डोक्यावरून निघून जातो. मामांशी बोलायचं तर चाळीस मीटर बँड आणि आडवी तार. दहा-दहा मीटरच्या दोन बाजू, मधोमध सहा-सात मीटर उंच काठी. सिग्नल सरळ वर जाऊन खाली पडतो. भर दिवसा बघ.

आणि खारफुटीत खुंट्या ठोकू नकोस. लायसन्सची प्रत खिशात ठेव. ऑक्टोबरात दुपारी ढग जमले तर दांडा आधी खाली, गप्पा नंतर.

प्रतिसाद (धागाकर्ता), तीन आठवड्यांनी

काका, आधी फक्त चोक लावला, बाकी काही बदललं नाही. केबल धरा, गुंडाळा, पायाखाली घ्या, आकडा हलत नाही. पण दांडा खुणेवर असूनही एसडब्ल्यूआरचा तळ १३.७लाच, दोन रेडियल जमिनीवर कमीच पडत होते. मग तार कापून आठ केले. तळ १४.०१. सहा सेंटीमीटर आत ढकलला, १४.१७! सेंटीमीटरला २८चा हिशेब बरोबर उतरला तेव्हा खरंच अंगावर काटा आला. एसडब्ल्यूआर १.५. पूर्वीच्या मला तो खटकला असता.

संध्याकाळी १४.०७४ वर एफटी८ (कॉम्प्युटरने पाठवायचे छोटे डिजिटल संदेश) लावलं. तासाभरात पीएसके रिपोर्टरवर (कोण कुठे ऐकू आलं ते दाखवणारी वेबसाइट) इटली आणि बल्गेरियात ऐकू आल्याचं दिसलं, पाच वॅटवर. मामांना स्क्रीनशॉट पाठवला. त्यांचं उत्तर, "छान. आम्हाला कधी ऐकू येणार?"

म्हणून आता पुढचा प्रश्न. चाळीस मीटरच्या आडव्या तारेसाठी सहा-सात मीटरची हलकी, घडीची काठी हवी. मासे धरायची फायबरग्लासची काठी चालेल म्हणतात, पण कार्बन फायबरची नको, ती वीज वाहून नेते. ठाणे-नवी मुंबईत अशी काठी कुठे मिळते? पुढच्या रविवारी ते आजोबा भेटले तर त्यांनाच विचारीन म्हणतो.