हरित परिसराचं बक्षीस कुणाच्या हातात द्यायचं?

पाचोळा
गेल्या आठवड्यात माझ्या जुन्या कॉलेजात सत्कार होता. पर्यावरणस्नेही परिसर म्हणून संस्थेला पुरस्कार मिळाला त्याचा. व्यासपीठावर पदाधिकारी, प्राचार्य, समितीतले तीन प्राध्यापक. शाल, श्रीफळ, मागे मोठा फ्लेक्स. पुरस्कार कशाबद्दल, तर परिसरातला पाचोळा जाळत नाहीत, त्याचं खत करतात आणि मेसचा ओला कचरा आवाराबाहेर जात नाही.

मी तिथे वसतिगृहात राहिलोय, त्यामुळे हे कुणी सुरू केलं ते मला माहीत आहे. बागेत ठेकेदाराकडून लागलेले एक मामा होते. आधी तेही रोज सकाळी ढिगाला काडी लावायचे. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाला दमा होता, त्याने एकदा खाली जाऊन त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून जाळणं बंद, आणि आठवड्याभरात मागच्या भिंतीला लागून पहिला खड्डा तयार. पाचोळ्याचा थर, त्यावर मेसमधली भाजीची देठं-सालं, वरून शेणकाला, मग माती. ओल नीट आहे का हे बघायला मामा कोपरापर्यंत हात आत घालायचे, मूठभर काढून पिळायचे. बोटांतून एखाददुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर कोरडा पाचोळा वाढवायचा, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडायचं. मेसच्या ताईंनी दोन बादल्या वेगळ्या केल्या त्याही मामांमुळेच. खतात सापडलेले दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे त्यांनी ओंजळीत धरून ताईंना नेऊन दाखवले होते.

पुढे टेंडर बदललं, नवा ठेकेदार आपली माणसं घेऊन आला आणि मामा गेले. सत्काराला त्यांना बोलावणं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर मी मागे जाऊन आलो. तीनपैकी एका खड्ड्यात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या होत्या.

म्हणून माझं म्हणणं मांडतो. गावाचा असो की कॉलेजचा, पर्यावरणाचा पुरस्कार ज्यांच्या हातांनी काम झालं त्यांच्या नावाने द्यावा. आणि काम सुरू झाल्यावर निदान 3 वर्षांनी, आगाऊ न कळवता पाहणी करून द्यावा. तुम्हाला काय वाटतं?

माणदेशी
मामांचं वाचून वाईट वाटलं. पण 3 वर्षांची अट मला मान्य नाही.

2018 च्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावोगावच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, आमचं गाव होतं. 8 एप्रिल ते 22 मे, 45 दिवस. साताऱ्यातल्या माण तालुक्यातलं एप्रिलचं ऊन ज्याने सोसलंय त्याला सांगायला नको. पहाटे पाचला टिकाव-फावडी-घमेली घेऊन डोंगराला लागायचो, पावसाचं पाणी उतारावरच अडून मुरावं म्हणून समतल चर खणायचो. ज्या दोन भावक्यांचं एकमेकांच्या दारात जाणं-येणं नव्हतं, त्या एकाच चरावर घमेली द्यायला उभ्या राहिल्या. त्या वर्षी पहिला नंबर आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीचा आला. आम्हाला काहीच मिळालं नाही. पण चर आमचे आहेत, बांध आमचे आहेत.

लोकांना तारीख लागते. "तीन वर्षांनी बघू" म्हटलं असतं तर पहिल्या आठवड्यानंतर डोंगरावर दहा माणसं उरली नसती. बक्षीस ही पेटवणारी काडी आहे. ती आधीच लागते.

प्रभारी
मी एका कॉलेजात शिकवतो. बरीच वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचं काम पाहिलंय, हरित परिसराच्या फायलीही भरल्यात. तेव्हा व्यासपीठावर बसणाऱ्यांच्या बाजूने बोलतो.

मामांनी खड्डा घेतला हे खरं. पण ती जागा पार्किंगला द्यायची नाही, यावर कुणीतरी अडून बसलं असेल. वास येतो म्हणून शेजारच्या सोसायटीने तक्रार केली असेल, तिला कुणीतरी तोंड दिलं असेल. माझ्या कॉलेजात आम्ही आठवड्यातून एक दिवस गाड्या फाटकाबाहेर ठेवायचं ठरवलं, तेव्हा सर्वात जास्त बोलणी प्राचार्यांनी खाल्ली. सहकाऱ्यांचीच. त्यांनी सही मागे घेतली असती तर तो उपक्रम दुसऱ्या महिन्यात संपला असता. सही करणं आणि ती निभावणं हेही नेतृत्वच आहे.

दुसरं म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तपासणीत हरित लेखापरीक्षण, प्लास्टिकबंदी, पायी चालायच्या वाटा असं सगळं विचारतात. ते संस्थेला विचारतात, माणसाला विचारत नाहीत. उत्तर संस्था देते, म्हणून मान संस्थेला मिळतो. यात कुणाची लबाडी नसते.

पाचोळा
प्रभारी सर, प्राचार्यांना मान देऊ नका असं मी म्हटलेलं नाही. त्यांच्या शेजारी एक खुर्ची मामांची असावी, एवढंच.

माणदेशी, एक विचारतो, राग मानू नका. त्या चरांत पाणी मुरलं, विहिरी भरल्या, त्यानंतर काय झालं?

माणदेशी
राग कशाला. पाणी आलं आणि दोन वर्षांत बोअर वाढले. काहींनी ऊस लावला. मी स्वतः डाळिंब वाढवलं. चर दोन पावसाळ्यांत गाळाने भरायला लागले, ते उपसायला पन्नास माणसंसुद्धा गोळा झाली नाहीत. तेव्हा स्पर्धा नव्हती, कॅमेरे नव्हते.

म्हणजे तुमचा मुद्दा मी अर्धा मान्य करतो. पण त्यावर उपाय म्हणून बक्षीस लांबवू नका, बक्षीस कशाचं द्यायचं ते बदला. पाणी फाउंडेशनलाही हे उमगलं असावं. 2019 नंतर वॉटर कप थांबला, त्यांची पुढची समृद्ध गाव स्पर्धा 18 महिन्यांची होती, आणि नंतर फार्मर कप आला तो शेतकऱ्यांच्या गटांसाठी. हिवरे बाजार बघा. दरवर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पाणी आलं आणि किती वापरता येईल याचा हिशेब, ग्रामसभेपुढे येतो आणि रब्बीत काय पेरायचं ते त्यावरून ठरतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. किती चर खणले याला गुण देण्यापेक्षा असा ताळेबंद मांडणाऱ्या गावाला द्या. आणि दरवर्षी द्या.

पळसवाट
हिवरे बाजार म्हटलं की लोकांना तिथले सरपंच राहिलेले पोपटराव पवारच आठवतात. त्यांचं काम मोठंच आहे, 1989 पासूनचं आहे, 2020 ची पद्मश्री त्यांना योग्यच मिळाली. पण मी गडचिरोलीत काम केलंय आणि माझं मत इथल्या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. माणसाला पुरस्कार देऊच नये. ना प्राचार्याला, ना माळ्याला.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हटलं आणि ते जगून दाखवलं. निर्णय सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल राखायचा आणि वापरायचा गावाचा हक्क, मिळाला. बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेनेच द्यायचा, हा हक्क हातात यायला 2011 उजाडलं. देवाजी तोफा या लढ्यात पुढे होते, सगळ्या महाराष्ट्राला ते नाव माहीत आहे. पण हक्काच्या कागदावर नाव गावाचं आहे. एका माणसाला उचलून व्यासपीठावर बसवलं की बाकीचे प्रेक्षक होतात. पुढच्या वेळी चर गाळाने भरला की सगळे त्याच्याकडे बघतात. माणदेशींच्या गावात झालं ते यापेक्षा वेगळं आहे का?

नाचणी
पळसवाट, इथे मी ठाम विरोध करते.

मी अकोले तालुक्यातली. गावरान बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे आमच्या भागातल्या, कोंभाळण्याच्या. शाळा शिकलेल्या नाहीत. गावरान बियाणं राखायचं काम आमच्याकडच्या कितीतरी बायका करत आल्या. गाडग्यात राख घालून वालाचं, घेवड्याचं बी ठेवायचं हे माझ्या आजीनेही केलं. पण ते घरातलं काम समजलं जायचं, त्याला काम कुणी म्हटलंच नाही. राहीबाईंना पद्मश्री मिळाली तेव्हा माझ्या आईने तिची मडकी माळ्यावरून खाली काढली, पुसली आणि ओट्यावर मांडली. शेजारणी बी मागायला यायला लागल्या. आमच्या घरात तिला आधी कुणी काही विचारत नव्हतं.

"गावाला" पुरस्कार दिला असता तर तो सरपंचाने घेतला असता, आणि कोपऱ्यात पुरुषांच्या मागे बायका उभ्या राहिल्या असत्या. सामूहिक म्हणताना नाव कुणाचं पुसलं जातं ते आधी बघा. ज्यांना आजवर नाव मिळालं नाही त्यांना ते मिळू द्या, मग नाव सोडून देण्याच्या गोष्टी करू.

पळसवाट
नाचणी, तुमच्या आईच्या मडक्यांपुढे माझ्याकडे उत्तर नाही. मेंढ्यात बायका ग्रामसभेत बोलतात म्हणून मला हे सोपं वाटत असेल. जिथे बोलू देत नाहीत तिथे तुमचं खरं. व्यक्तिपूजेची भीती मात्र मी सोडत नाही.

सुका_कचरा
थोडक्यात लिहिते. मी पुण्यात कचरावेचकांच्या संघटनेसोबत काम केलंय. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 ची. पुढे 2008 मध्ये कचरावेचकांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला, बायका दारोदार कचरा गोळा करायला लागल्या. त्याआधी त्यांनी मागितलं काय, तर ओळखपत्र. कचराकुंडीजवळ दिसली की चोर म्हणून हटकायचे, तेव्हा दाखवायला काहीतरी हवं होतं. ते कार्ड कितीतरी जणी पोलक्यात जपून ठेवायच्या. त्यांच्यासाठी तो सन्मान होता.

मामांना व्यासपीठावर खुर्ची दिली असती आणि पुढच्या महिन्यात टेंडर बदलून घरी पाठवलं असतं, तर त्या खुर्चीचं काय करायचं? आधी नोकरी टिकवा. किमान वेतन, हातमोजे, गमबूट, पगारी सुट्टी. पुरस्काराच्या अर्जात एक रकाना हवा: हे काम करणाऱ्या माणसाला काय पगार मिळतो आणि तो किती वर्षं इथे आहे? त्याचं उत्तर लाजिरवाणं असेल तर अर्ज बाद.

प्रभारी
हा रकाना मला पटतो. कंत्राटी माणसं बदलली की परिसराची स्मृतीच जाते, हे मी पाहिलंय. कोणत्या झाडाखाली पाणी तुंबतं, कोणता व्हॉल्व्ह गळतो हे कागदावर कुठेच नसतं. नवा माणूस पहिल्यापासून सुरू करतो.

पण "अर्ज बाद" नको. कंत्राटी पद्धत प्राचार्याच्या हातात नसते, अनुदानित कॉलेजांत शिपायांच्या रिकाम्या जागासुद्धा भरता येत नाहीत. मग चांगलं काम करणारी निम्मी कॉलेजं बाद होतील आणि श्रीमंत विनाअनुदानित संस्थाच उरतील.

सुका_कचरा
पदं भरणं तुमच्या हातात नाही, मान्य. पण टेंडरमध्ये "आहे त्याच माणसांना कामावर ठेवावं" अशी अट घालणं तुमच्या हातात आहे.

वसतिगृह_खोली_12
मी सध्या शिकतेय, दुसऱ्या वर्षाला. आमच्याकडे मुलांना पर्यावरणदूत म्हणून प्रमाणपत्र मिळतं. झाडासोबत फोटो काढून पाठवायचा. मागच्या जुलैत लावलेल्या झाडांतली मार्चमध्ये कितीशी जिवंत होती ते आम्ही तिघी मोजायला गेलो. चाळिसातली अकरा. आणि ती अकरा जगली कारण रात्रपाळीचे वॉचमन काका रात्री त्यांना पाणी घालत होते. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. माझ्याकडे प्रमाणपत्र आहे, काकांकडे नाही. जुलैत लावलं त्याचं प्रमाणपत्र मार्चमध्ये झाड बघून द्यावं, असं पत्र आम्ही देणार आहोत. पाचोळा, तुमच्या 3 वर्षांपेक्षा हे कमी आहे, पण आम्ही इथे असतोच तीन वर्षं.

पाचोळा
मार्चची अट मला माझ्या 3 वर्षांपेक्षा बरी वाटते. उन्हाळा तोंडावर असताना बघायचं, खड्डा असो की झाड की विहीर. माणदेशींचा दरवर्षीचा ताळेबंदही त्यात बसतो. माझी अट मी मागे घेतो. न कळवता पाहणीची मात्र ठेवतो.

प्रभारी सर, तुम्ही जिल्ह्याच्या निवड समितीवर असता असं मागे एकदा लिहिलं होतंत. यातलं काय पुढे नेता येईल?

प्रभारी
एप्रिलमध्ये बैठक आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्या दोघांची नावं अर्जात आणि सत्कारात अनिवार्य करा, हे मांडेन. पगार आणि सेवेच्या वर्षांचा रकानाही मांडेन, गुणांसाठी, बाद करण्यासाठी नाही. टेंडरमधल्या अटीलाही गुण मागेन. मार्चमधल्या पाहणीला विरोध होईल, परीक्षांचे दिवस असतात. आगाऊ न कळवता यायचं, हे माझ्याच सहकाऱ्यांना अपमान वाटेल, आणि खरं सांगायचं तर मलाही थोडं तसं वाटतं. त्यावर मी अजून तुमच्या बाजूचा नाही.

सुका_कचरा
कचरावेचक बाई दारात रोज न कळवताच येते, सर.

प्रभारी
हे बैठकीत सांगेन.