उपग्रहाच्या डेटापासून आलेखापर्यंतचा माग कसा ठेवावा?

काळीमाती, इंदूर:
नमस्कार. देपालपूर आणि सांवेर तहसिलींतल्या सोयाबीनवर माझे पीएच.डी.चे काम चालू आहे. त्यासाठी टेरा उपग्रहावरील मोडिस उपकरणाचा, २५० मीटरचा आणि १६ दिवसांचा एनडीव्हीआय (वनस्पतींच्या हिरवेपणाचा निर्देशांक) डेटा मी वापरते. दोन वर्षांपूर्वी काढलेल्या एका आलेखात ऑगस्टमध्ये हिरवेपणा एकदम खाली गेलेला दिसतो. तो पिवळ्या मोझॅक या सोयाबीनवरील रोगाचा परिणाम असावा असे मी तेव्हा लिहिले होते. आता परीक्षकांनी विचारले आहे की ढगाळ पिक्सेल वगळले होते का, आणि मला ते सांगता येत नाही. ज्युपिटरची वही (कोड छोट्या कप्प्यांत लिहून चालवायची फाइल) आहे, पण तिच्यातले कप्पे मी कोणत्या क्रमाने चालवले ते आठवत नाही. शिवाय आज ती वही वरपासून खालपर्यंत चालवली तर आलेख वेगळाच येतो. डेटाचा असा माग आपोआप ठेवणारे व्हिसट्रेल्स नावाचे सॉफ्टवेअर आहे असे ऐकले. ते आज घ्यावे का?

क्षिप्राकाठ, उज्जैन:
व्हिसट्रेल्स मी काही वर्षे मनापासून वापरले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. ते युटा विद्यापीठात तयार झाले. त्यात पडद्यावर चौकटी जोडून कार्यप्रवाह बांधायचा असतो: एक चौकट फाइल वाचते, दुसरी गाळते, तिसरी चित्र काढते. पण त्याचे खरे मोल इतिहास ठेवण्याच्या पद्धतीत होते. आपण चौकट जोडली, काढली किंवा एखादा आकडा बदलला, की ती कृती नोंदली जाई आणि जुने काहीही पुसले जात नसे. मागे जाऊन दुसरी वाट धरली की तिथून नवी फांदी फुटे, आणि सगळे प्रयोग एका झाडासारखे समोर दिसत. दोन फांद्यांची चित्रे शेजारीशेजारी ठेवून पाहता येत. संशोधक शोध घेत असताना सरळ रेषेत चालत नाही, हे ओळखून बांधलेले असे साधन मी दुसरे पाहिलेले नाही.

तरीही आज ते घेऊ नका. त्याचा विकास २०१६ च्या सुमारास थांबला, आणि ते पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आवृत्ती २ वर उभे होते, ज्याचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. मात्र त्यामागचा विचार जरूर घ्या. खसऱ्यात (सातबाऱ्यासारख्या जमिनीच्या नोंदीत) आज जमीन कोणाच्या नावावर आहे ते कळते, पण ती त्या नावावर कशी आली ते पाहायला नामांतरणाची (फेरफाराची) नोंद काढावी लागते. आपल्याकडे सध्या फक्त खसरा आहे, ताई.

माग_काढा, वडोदरा:
माझा सल्ला स्नेकमेकचा, म्हणजे कामाच्या पायऱ्या ठरलेल्या नियमांनी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे. ते पायथनशी जुळणारे आहे आणि शिकायला दोन-तीन दिवस पुरतात. प्रत्येक पायरीसाठी एक नियम लिहायचा आणि त्यात आत येणाऱ्या फाइली, बाहेर पडणारी फाइल व वापरलेले आकडे स्पष्ट सांगायचे. मूळ फाइल, नियमाचा कोड किंवा आकडा बदलला, तर बाधित पायऱ्याच पुन्हा चालतात. कोड गिटमध्ये (प्रत्येक बदल संदेशासह जपणाऱ्या साधनात) ठेवा, आणि मूळ फाइलींचे शा-२५६ ठसे (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) उतरवलेल्या तारखेसह एका साध्या मजकूर-फाइलीत लिहा. मोडिसच्या डेटाची आवृत्तीही नोंदवा, कारण सहावी आणि ६.१ या आवृत्त्यांचे आकडे सरसकट एकच समजता येत नाहीत.

आपल्या अडचणीपुरते सांगायचे तर या डेटात प्रत्येक पिक्सेलबरोबर विश्वासार्हतेचा अंक येतो: ० चांगला, १ वापरण्याजोगा, ३ ढगाळ. कोणते अंक ठेवायचे हा नियमातला आकडा करा आणि तीन वेगळे आलेख काढा. −३००० हे रिकाम्या जागेचे मूल्य ०.०००१ या मापगुणकाने गुणण्याआधीच काढले आहे ना, हेही तपासा. नाहीतर ते −०.३ होऊन सरासरीत गुपचूप मिसळते.

क्षिप्राकाठ, उज्जैन:
सहमत आहे, फक्त एक भर घालतो. नियम काय करायचे ते सांगतो. प्रत्यक्षात काय घडले, म्हणजे कोणत्या दिवशी, कोणत्या फाइलीवर आणि पायथनच्या कोणत्या आवृत्तीत, ती नोंद वेगळी असते. दोन्ही लागतात. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी संस्थेच्या २०१३ मधील प्रोव्ह मानकाने यासाठी वस्तू, कृती आणि कर्ता अशी साधी मांडणी केली आहे. आपली मजकूर-फाइल त्याच तीन रकान्यांत लिहिली तरी चालेल. अंक बदलण्याचे कारण मात्र कोणतेही सॉफ्टवेअर लिहून ठेवत नाही. ते गिटच्या संदेशात आपणच लिहावे.

काळीमाती, इंदूर:
दोघांचेही मनापासून आभार. तीन आलेख काढले. फक्त ० ठेवले तेव्हा ऑगस्टमध्ये मोजकेच पिक्सेल उरले, पण हिरवेपणा वर होता. ० आणि १ ठेवल्यावरही तो वरच राहिला. ३ घेतल्याबरोबर जुना खड्डा जसाच्या तसा परत आला. −३००० मी तेव्हा नीट काढले होते, म्हणजे चूक ढगांचीच होती. पिवळ्या मोझॅकचे वाक्य मी प्रबंधातून काढले आहे, आणि परीक्षकांना तिन्ही आलेख नियमांच्या फाइलीसह आज पाठवले आहेत.