कोल्हापुरातून परदेशातल्या नर्सिंग परीक्षेकडे: आपापले अनुभव सांगा

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यावर आठ वर्षं मी कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत काढली. अमेरिकेची एनक्लेक्स, म्हणजे तिथं नर्स म्हणून लायसन मिळवायची परीक्षा, गेल्या वर्षी दुसऱ्या प्रयत्नात पास झाले. पहिल्यांदा नापास झाले तेव्हा वाटलं अभ्यास कमी पडला. तसं नव्हतं. ऑपरेशन होऊन आलेल्या पेशंटला अचानक धाप लागली तर आधी काय कराल, असा प्रश्न आला की मी दर वेळी ‘डॉक्टरांना कळवा’ वर टिक करायचे. खरं तर वॉर्डात माझा हात आधी बेडच्या हँडलकडे जायचा. चार फेरे मारून डोक्याकडची बाजू वर, ऑक्सिजन चालू, बोटाला ऑक्सिजन मोजायचा प्रोब, आणि मग फोन. पण कुणी विचारलं की तोंडातून आधी ‘साहेबांना सांगते’ हेच बाहेर पडायचं. हातांना येत होतं ते उत्तरात उतरायला मला सहा महिने लागले. तुमचं कुठं अडलं, काय केलंत, मोकळेपणानं लिहा. पास झालेल्यांनीच लिहावं असं अजिबात नाही.

शिरोळची सिस्टर
माझं पुस्तकाआधी कागदांवरच अडलं. ऑगस्ट 2019 च्या महापुरात घरात छातीएवढं पाणी होतं. पत्र्याच्या ट्रंकेत तिन्ही वर्षांच्या मार्कशीट, रजिस्ट्रेशन, सगळं. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर कागदांचा एकच लगदा. दुसऱ्या प्रती काढायला मुंबईच्या किती खेपा झाल्या, मोजल्या नाहीत. पुढं सीजीएफएनएसकडे (परदेशी नर्सचे कागद तपासणारी अमेरिकेतली संस्था, आता नाव ट्रूमेरिट) ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शिक्षणाचा विषयवार तपशील, पाठवायची वेळ आली, तर कॉलेजनं नुसते मार्क लिहून दिले. तिकडं तासही लागतात: बालरोगाचे वर्गातले तास किती, वॉर्डातले किती, विषयवार. आणि तो लिफाफा कॉलेजकडूनच जायला लागतो, आपण पाठवलेला चालत नाही. मुलींनो, आधी कागद धरा, अभ्यास मागनं होतो. कॉलेजच्या ऑफिसात स्वतः उभं राहून एकेक आकडा तपासून घ्या.

कागलचा ब्रदर, आता इंग्लंडात
मी एनएमसीच्या, म्हणजे ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलच्या, वाटेनं गेलो. कॉम्प्युटरवरची परीक्षा भारतातच दिली. इंग्रजीसाठी ओईटी ही आरोग्य क्षेत्रातल्यांची भाषेची परीक्षा, त्यात लिहिण्याला सी प्लस चालतं, बाकी तिन्हीत बी लागतं. खरी धास्ती ओएससीईची, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेची. ती तिकडं जाऊनच द्यायची, दहा स्टेशनं. ड्रेसिंग, इंजेक्शन हे आपल्याला डोळे झाकून येतं. पण तिथं पेशंटपाशी जाऊन आपलं नाव सांगायचं, त्याचं नाव-जन्मतारीख विचारून हातातल्या पट्टीशी ताडायची, काय करणार ते समजावून परवानगी घ्यायची, मग हात लावायचा. आपल्याकडं एका पाळीत इतके पेशंट, की ‘मावशी, हात द्या’ म्हणून सुई टोचून पुढं जायची सवय. मी जायच्या आधी दोन महिने आईला खाटेवर झोपवून सराव केला. ती म्हणायची, ‘अरे, पोटच्या आईला जन्मतारीख विचारतोस व्हय?’ आणि रोज तितक्याच शांतपणे सांगायची. आजही पेशंटला नाव विचारताना तिचा आवाज कानात येतो.

आयसीयूतली, रात्रपाळीवाली
थोडक्यात लिहिते. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेच्या परीक्षेत अ‍ॅसिटॅमिनोफेन, अ‍ॅड्रेनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल. वजन पौंडात आलं तर किलो काढायला 2.2 नं भागायचं. इंग्लंडची तयारी असेल तर शुगर मिलिमोलमध्ये, आपल्या आकड्याला 18 नं भागा. मी हे सगळं औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. दार उघडलं की एकदा वाचायचं.

गडहिंग्लजची ताई
एका एजंटाला मी ‘सगळं करून देतो’ म्हणून मोठी रक्कम दिली. त्यानं फॉर्ममध्ये माझं नाव पासपोर्टापेक्षा वेगळं भरलं. लग्नाआधीचं एकीकडं, नंतरचं दुसरीकडं. ते निस्तरण्यात वर्ष गेलं, त्यात पोरगी बालवाडीत जायला लागली. पैशांपेक्षा ते वर्ष मला जास्त लागलं. एनक्लेक्सची फी 200 डॉलर, अमेरिकेबाहेर बसायचं तर वर 150 डॉलर आणि कर. ही रक्कम स्वतःच्या कार्डानं, स्वतःच्या खात्यात लॉगिन करून भरता येते. एवढं जरी कुणी मला तेव्हा सांगितलं असतं!

रंकाळ्याजवळ राहणारी
मी अजून एनक्लेक्स पास नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला गेले, गाडीत डोळ्याला डोळा नाही. सेंटरवर तळहात स्कॅन करतात, खोडता येईल अशी पाटी नि मार्कर देतात. 85 प्रश्न कमीत कमी, 150 जास्तीत जास्त, वेळ पाच तास. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, त्यामुळं आपलं चाललंय कसं ते कळतच नाही. माझी 150 पर्यंत गेली.

रिझल्टबरोबर कुठल्या भागात कमी पडले त्याचा कागद आला. कोणतं काम मदतनिसाला सोपवायचं, कोणतं नर्सनंच करायचं, तिथं सगळ्यात कच्ची. आमच्या वॉर्डात मावशी बीपीसुद्धा घेतात, मी कधी विचारच केला नव्हता की पेशंट नुकताच ओटीतनं आलेला असेल तर तो पहिला बीपी माझा आहे. आता ड्युटीवर रोज स्वतःला विचारते, हे कुणाचं काम?

45 दिवसांनी परत बसता येतं, त्यातले 31 गेलेत. एप्रिल 2023 पासून एकाच पेशंटवर सहा प्रश्न अशा केस स्टडी असतात, त्या एकटीनं सोडवताना मी भरकटते. कुणी सोबत बसणार असेल तर ड्युटी नसलेल्या दिवशी पाचनंतर मी मोकळी असते. घरी जागा आहे, चहा मी करीन.